शोभनाकाकूंची राइड

जय, पॅटिओचा दिवा राहू दे चालू. आन्या, तूही जवळ ये. गोष्ट आपल्या देवांगची आहे. मंडळाच्या कार्यक्रमात हातातला माइक सोडत नाही ना, तोच. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितली, म्हणून खरी मानायची.

गेल्या गणपतीची रात्र. चतुर्थी होती बुधवारी, पण आपले बाप्पा सगळ्यांची सोय बघून शनिवारीच येतात, तसे आले. शुगर लँडच्या हॉलमध्ये आरती झाली, जेवणं झाली, आणि पावणेदहाला देवांग मला घरी सोडायला निघाला. माझ्यासारख्या गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मंडळाने राइड कमिटी काढली आहे. तिचा हा अध्यक्ष.

ती कमिटी निघाली शोभनाकाकूंमुळे. काकू हिलक्रॉफ्ट रस्त्याच्या मागे, जुन्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या. मुलगा लांब, दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला. मंडळाचा पहिला गणपती त्यांच्याच घरच्या हॉलमध्ये बसला होता, मोदकही त्यांनीच वळले होते. पुढे जो तो घर घेऊन गावाबाहेर, शुगर लँडला नाहीतर केटीला राहायला गेला आणि काकू तिथेच राहिल्या. आदल्या वर्षीच्या गणपतीला दुपारी त्या आल्याच नाहीत. कोणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी शेजारणीला दिसल्या. इमारतीबाहेरच्या पायरीवर, जरीच्या साडीत, भिंतीला टेकून. ह्यूस्टनच्या त्या उन्हात गेल्या होत्या.

शोकसभेत देवांगच बोलला. म्हणाला, "काकूंना उन्हाचा अंदाज आला नसावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

आणि त्या सकाळी यानेच त्यांना फोन केला होता! "तयार राहा काकू, मी येतो न्यायला." मग डेकोरेशनची गडबड झाली. मंडळातला ऋषी तिकडूनच येतो, तो आणेल, असं याने मनातल्या मनात ठरवून टाकलं. ऋषीला विचारलं नाही. आपल्यामुळे पोराला थांबायला लागू नये म्हणून काकू आधीच खाली येऊन बसल्या. फोन पर्समध्ये होता. केला नाही. येतो म्हणालेल्याच्या मागे कशाला लागायचं, असा विचार केला असेल. आपली माणसं अशी संकोचाने मरतात रे. मला आजही संताप येतो.

तर मला सोडलं आणि तो परत फिरला. काकूंच्या इमारतीवरून तो कधीच जात नसे, पण त्या रात्री नेहमीचा रस्ता खणलेला. जावं लागलं. कोपऱ्यावर स्टॉप साइन. थांबला. लांब आभाळात विल्यम्स टॉवरचा दिवा गोल फिरत होता. पायरीवर कोणी नव्हतं. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि गाडी पुढे घेतली.

टिंग.

शेजारच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं की वाजतं, ते.

टिंग. टिंग.

सीट रिकामी. त्याने हात लावून बघितला. काही नाही. एसी फुल होता, तरी घामाने शर्ट अंगाला चिकटला.

"कोण आहे?"

टिंग.

"काकू..."

आवाज वाढला.

"काकू, मला वाटलं, ऋषी आणेल..."

आणखी वाढला. कान फुटतील इतका. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. त्याला रडू फुटलं.

"मी येतो म्हणालो होतो, काकू. मीच म्हणालो होतो."

खट्.

पट्टा लागला.

मग काही नाही... एकदम शांत. हायवेभर त्याने मान वळवली नाही. घरी गॅरेजमध्ये शिरला, दिवा लागला, तेव्हा बघितलं. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून घेतलेला. नीट लावलेला. सोडवायला बकलला हात घातला आणि किंचाळला. त्याची बायको नेत्रा आतून धावत आली.

"काय झालं? भाजलं?"

"नाही गं... काही नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. बोटांवर टपोरे फोड. सगळं सांगितलं, लहान मुलासारखा रडला.

काय गं, आन्या?

"दॅट्स सो मीन, काका. मग त्याने सगळ्यांना सांगितलं का?"

मीही तेच म्हणालो, मंडळात उभा राहा आणि सांग. काकूंच्या मुलाला तरी फोन कर. डोळे पुसून म्हणाला, "आता कशाला, काका? काकू तर गेल्या." आणि यंदा पुन्हा अध्यक्ष झाला.

परवा मला आणायला तोच आला होता. मला मागे बसवलं. पुढच्या सीटचा पट्टा अजून लावलेलाच. सिग्नलला मी हळूच हात पुढे नेला आणि बकलला बोट टेकवलं. बाहेर थंडी होती. पहाटेपासून पाऊस होता. ऊन म्हणून नव्हतं...

हे बघा माझं बोट.