बिनआवाजी बोली

त्याला भोंगा म्हणत, कारण त्याचा साधा नमस्कारही ऐकणाऱ्याच्या कानात दडे बसवायचा. चाळीस वर्षं मागावर कापड विणून कान अधू झालेले. गळा तेवढा ठणठणीत. गिरणीसमोरच्या त्या वस्तीत सगळे असलेच. गिरणीच्या आत मात्र कुणी ओरडत नसे. शंभर मागांच्या खडखडाटात ओरडून ऐकणार कोण? नुसते ओठ हलवायचे, पलीकडच्यानं वाचायचे. चहाड्या, सोयरिकी, संप, सगळं असं बिनआवाजी ठरायचं. पाळी सुटली की शेवटचा माणूस दारातून मागे वळून ओठांनीच म्हणायचा, "चला." कुणी आत राहू नये म्हणून.

आता गिरणी बंद, वस्ती रिकामी, पाडायला काढलेली. उरला एकटा भोंगा. आज दुपारी खोलीची किल्ली द्यायची होती. लेक बोचकी बांधत होती आणि बाप खिडकीत ठाण मांडून बसला होता.

"बाबा, किल्ली."

"नाही देत! पाडा माझ्यासकट!"

"तुमच्यासकट पाडायचं तर जादा माणसं लावावी लागतील."

भोंगा हसला, पण मूठ सोडली नाही. आपण गेल्यावर इथल्या गेलेल्यांची आठवण काढायला कोण राहणार?

समोर गिरणीची उघडीबोडकी भिंत. छप्पर कधीच उडालेलं, त्यामुळे खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसायचं. आज एका खिडकीतून ते दिसेना.

तिथं माणसं होती. लख्ख उन्हात, खांद्याला खांदा लावून. तेलाचा अन् ओल्या सुताचा वास आला. मधोमध त्याचा शेजारच्या मागावरचा दोस्त उभा होता. ज्याच्या तिरडीला भोंग्यानंच खांदा दिला होता, तोच. त्याचे ओठ हलले.

"निघालास...? आम्ही आतच राहिलो की रे..."

अंगवळणी पडलेली गोष्ट. भोंग्याचे ओठ आपसूक हलले.

"चला."

खिडकीत पुन्हा आभाळ दिसू लागलं. भोंग्यानं मुकाट्यानं किल्ली दिली.

"एवढ्यात शहाणे झालात?" लेक म्हणाली.

नवं घर बाविसाव्या मजल्यावर. आठवडाभर भोंगा खुशीत होता. लिफ्टमधल्या सभ्य माणसांना मुद्दाम ओरडून दचकवायचा. मग एके सकाळी लेक मिक्सर लावून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. बोलणी खातोय आपण, असं वाटून त्यानं डोळे बारीक केले.

लेकीनं गिरणीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ही बोली तिला कुणी शिकवली नव्हती.

"फार उंच आणलंस रे..." ओठ म्हणाले.

भोंग्याचे ओठ हलले. "माझी पोर कुठाय?"

"सगळ्यांना जागा नव्हती... तिला आमच्या जागी गिरणीत ठेवून आलोय."

मिक्सर थांबला.

"असे काय बघताय बाबा? चहा घ्या."

आवाज लेकीचाच होता, अगदी स्पष्ट. फक्त तिचे ओठ हलले नव्हते.