दहा जूनची नोंद

मोनालीचं काम सांगायला सोपं होतं. जन्मतःच हृदयाला छिद्र असलेल्या ज्या पोरांची ऑपरेशनं रायपूरच्या एका बड्या दवाखान्यात झाली, त्यांना अठराव्या वर्षापर्यंत दर जूनमध्ये घरी जाऊन तपासायचं. उंची, वजन, नाडी, रक्तातला ऑक्सिजन. चार रकाने. पोराला भूक लागते का, ते हसतं का, हे विचारायला कागदात जागाच नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी हार घालून फोटो काढणाऱ्या साहेबांना पुढं एकच गोष्ट हवी होती : 'सापडला नाही' हा शेरा कुठंही नको.

मग काय, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या बुद्धभूषणचे आकडे तिनं तीन वर्षं मनानंच भरले. पहिल्या वर्षी घर सापडेना, ऊन मरणाचं. दहा जूनला चहाच्या टपरीवर बसून तिनं लिहून टाकलं. नंतर तर ती तिकडं फिरकलीही नाही. दर दहा जूनला उंची चार-पाच सेंटिमीटरनं वाढवायची, नाडी तीच, अठ्ठ्याऐंशी.

यंदा तिला नागपुरात नोकरी लागली. जाण्याआधी ही एक फाइल तरी खरी करावी, म्हणून ती निघाली.

स्पंज आयर्नच्या लोखंड कारखान्यातल्या भट्ट्यांमागं त्याची वस्ती होती, तिकडच्या भाषेत पारा. दोरीवरचे कपडे वाळता वाळताच काळे होत होते. पानठेल्यावरच्या भैय्यालालनं नाव ऐकलं आणि पानाला चुना लावणं थांबवलं.

"वो बच्चा तो कब का गुजर गया, दीदी. चार साल हो गए. मिट्टी देने मैं खुद गया था."

म्हणजे तिच्या पहिल्या नोंदीच्याही आधी. तिनं पिशवीतला मृत्यूचा फॉर्म वर काढून ठेवला. आता आईची सही तेवढी घ्यायची होती.

दार आईनंच उघडलं. कमला तिचं नाव, बोली विदर्भाकडची.

"या ताई. आज दहा तारीख. तो सकाळपासून बसूनच हाय."

चटईवर नऊ वर्षांचा पोट्टा उघडा बसला होता. छातीवर ऑपरेशनचा उभा वण. मागं भिंतीवर उंचीच्या तीन खुणा, प्रत्येकीपुढं आकडा. एकशे बारा, एकशे सोळा, एकशे एकवीस. मोनालीनं टपरीवर आणि घरी बसून लिहिलेले.

कमला सांगत गेली. पोराला पुरून आल्यावर वर्षभरानं, दहा जूनच्या दुपारी, तो या चटईवर बसलेला दिसला. वर्षभर तसूभर वाढत नाही. त्या एका दिवशी एकदम वाढतो.

"कोणं देल्ला, काहून देल्ला, म्या नाही इचारलं."

जेवतो का, मोनालीनं विचारलं. कमलानं नकारार्थी मान हलवली. बोलतो का, हसतो का?

"तुमचा कागद म्या दवाखान्यात पाह्यला होता, ताई. त्यात ते नोयतं ना."

घरातलं मीठ संपलं असं सांगावं, तशी ती बोलली.

मोनालीनं पोराचं मनगट धरलं. गार होतं. अठ्ठ्याऐंशी. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. एक ठोका कमी नाही, जास्त नाही.

दुसऱ्या हातानं तिनं मृत्यूचा फॉर्म मांडीवर घेतला.

पेन उघडलं. सत्तर.

टोक चौकटीवर आलं. चाळीस. पोराचे ओठ निळे पडू लागले.

कमला रडली नाही. तिनं उठून दाराला आतून कडी घातली.

"त्याची उंची लिवा ताई. नाही त बसा इथंच."

मोनालीनं तो फॉर्म फाडला. नेहमीचा काढला. उंची एकशे सव्वीस. तिच्या डोळ्यांदेखत पोराची चड्डी गुडघ्यावरून वर सरकली.

कमलाला तेवढ्यानं भागणार नव्हतं. पुढल्या साली दुसरी बाई येईल, ती खरं लिहील, मग?

नागपूर तिथंच संपलं. मीच येईन, मोनाली म्हणाली.

"कवापर्यंत?"

"अठरा वर्षांचा होईपर्यंत. मग फाइल बंद होते."

"अन् मंग?"

पोट्ट्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. दोन्ही हात पुढं धरले आणि सावकाश, एकेका वर्षाचं एक, अशी नऊ बोटं दुमडली.

उरलेलं बोट त्यानं मोनालीच्या मनगटावर ठेवलं. नाडी बघतात तिथं.