मेलेल्या डिस्कचं गुरगुरणं

उद्या सकाळी वाचनालयात सिनेमा दाखवायचा होता आणि सिनेमाच गायब होता! कागदाचे हत्ती-उंदीर इंच इंच सरकवत, दर वेळी फोटो काढत, तीन सुट्ट्या खपून खारूताई आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू यांनी तो केला होता. दोन हजार फोटो, सगळे कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कवर. मग कॉलेजात जाणाऱ्या चुलतदादाने कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बसवला आणि ती डिस्क दिसेनाशीच झाली.

"डिस्क गेली," दादाने जाहीर केलं. वर कारणही तयार ठेवलं, की टिल्लू कॉम्प्युटर नीट बंद न करता सरळ बटण दाबतो. झालं! घरभर बिचाऱ्याच्या नावाने शंख. टिल्लू दोन दिवस धड जेवला नव्हता. खारूताईही त्याला वाटेल ते बोलली होती, कारण दादा खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिला सायकल शिकवली होती ती त्यानेच.

दुपारी दादा बाहेर गेला, तेव्हा त्याच्या बाबांना, म्हणजे काकांना, विचारून दोघांनी चालू कॉम्प्युटरचं झाकण काढलं. टिल्लूला म्हणे डिस्कचं शेवटचं दर्शन घ्यायचं होतं. त्याने तिच्यावर हळूच बोट टेकवलं.

"ताई, मेलेली डिस्क गरम असते का गं?"

खारूताईनेही हात लावला. डिस्क कोमट होती आणि मांजरासारखी गुरगुरत होती. म्हणजे जिवंत होती, फक्त कॉम्प्युटरला ऐकू जात नव्हती. तिने मदरबोर्डच्या खोक्यातून त्याची पुस्तिका काढली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिथे छापलं होतं, की बोर्डच्या वरच्या खाचेत नव्या प्रकारची चपटी डिस्क बसवली तर जुन्या डिस्कच्या केबलसाठीची पाच आणि सहा नंबरची पोर्टं बंद होतात. दादाने बोर्डासोबत तशी चपटी डिस्क बसवली होतीच. जुनीची केबल होती पाचात.

त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती आणि शेजारी दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अरेच्चा, पाच!'

त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो टिल्लूला रडताना बघत बसला होता.

तिने कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, केबल एक नंबरात घातली आणि पुन्हा सुरू केला. पडद्यावर कागदाचा हत्ती डुलत आला. टिल्लूच्या आरोळीने काका धावत आले आणि त्यांनी दोघांची पाठ थोपटली. "शाबास! थोरल्याला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

तिने पुस्तिका त्यांच्यापुढे धरली.

दादा आला, पान बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला. "परवाच कळलं मला. पण तोवर टिल्लूचं नाव घेऊन बसलो होतो. कसं सांगणार?"

"तोंडाने," खारूताई म्हणाली.

काकांनी त्याला सगळ्यांसमोर टिल्लूची माफी मागायला लावली. खारूताईनेही मागितली, न सांगता.

मग त्यांनी सिनेमा एकदा शेवटपर्यंत लावून बघितला. शेवटी पाटी आली, 'विशेष आभार : आमचा दादा.'

"पुसू?" टिल्लूने विचारलं.

खारूताईने पाटी पुन्हा एकदा वाचली. दादा दारातच उभा होता.

"राहू दे," ती म्हणाली. "लिहिलं तेव्हा खरं होतं."