उभ्या गाडीतली चोरी

"माझ्या गाडीतली वीज चोरीला जाते," खुर्चीवर टेकता टेकताच कारखानदार म्हणाला.

भाऊजींना हसू आवरेना. वीज काय कुणी बादलीत भरून नेणार? वहिनी मात्र हसल्या नाहीत. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती आणि आता त्या खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते नुसते सोबतीला जात. घरात एकट्याने भिंतींकडे बघत बसायचा त्यांना मनस्वी कंटाळा होता.

कारखानदाराची हकीगत अशी. आधी त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारी मोठी महागडी गाडी होती. तिचं पेट्रोल उभ्या उभ्या कमी व्हायचं. ड्रायव्हरवर आळ आला आणि त्याला काढून टाकलं. नवी गाडी घेताना पेट्रोलची की विजेची, यावर बराच घोळ झाला. शेवटी विजेची घेतली, निदान वीज तरी कुणी काढून विकणार नाही म्हणून. आता हिचं चार्जिंग दुपारी उतरू लागलं. किलोमीटरचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता. सुट्टीच्या दिवशी काहीच होत नसे.

"नवा ड्रायव्हर मला सकाळी कारखान्यात सोडतो, गाडी घरी आणतो आणि संध्याकाळी न्यायला येतो," तो म्हणाला. "मधल्या वेळात गाडी त्याच्याच ताब्यात. मला पुरावा द्या, त्याला पोलिसांतच देतो."

वहिनींनी विचारलं, विजेचीच गाडी घ्यायची हे ठरवलं कुणी?

"खरं तर आईने. एरवी ती कशातच बोलत नाही. पेट्रोलच्या धुराने डोकं जड होतं म्हणाली. कंपनीही जुनीच हवी, असा हट्ट धरला. तिला गाडी लागते हो, जुन्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं."

कारखानदाराचा बंगला ऐसपैस होता आणि त्यात माणसं दोनच, आई आणि मुलगा. गॅरेज घराला लागूनच. बाहेरून शटर आणि आतून स्वयंपाकघरात उघडणारं एक दार.

फाटकाजवळच्या खोलीत ड्रायव्हर पडेल चेहऱ्याने बसला होता. गाडी लावली, शटर ओढलं, की किल्ली तो आईंकडे देत असे. त्या किल्लीवरचं बटण दाबलं की गाडी लांबूनही सुरू होई, पण संध्याकाळपर्यंत किल्ली त्याच्या हाती येत नसे.

गाडीत काही वेगळं दिसतं का, असं वहिनींनी विचारल्यावर तो जरा अडखळला. ही गाडी बोलते, तो म्हणाला. काही विचारलं की आतून बाईच्या आवाजात उत्तर येतं. तो आवाज तो रोज कमी करतो आणि संध्याकाळी पुन्हा एवढा मोठा असतो की छातीत धस्स होतं. शिवाय शेजारची सीट गरम करायचं बटण चालू राहिलेलं असतं.

"काढायचं तर काढू दे, बाई. पण चोर म्हणून नको. आधीच्याला तसं काढलं, त्याला अजून कुणी गाडीला हात लावू देत नाही."

भाऊजींना तो बनेल वाटला. थंडीच्या दिवसांत गरम सीटवर ताणून देत असणार, दुसरं काय? मग त्यांचा संशय स्वयंपाकाच्या बाईंवर गेला. पण त्या दुपारी ताट झाकून निघून जात. आई एकट्या जेवतात, त्या म्हणाल्या, आणि पुष्कळदा ताट तसंच राहतं.

आईंच्या खोलीत टीव्ही कानठळ्या बसतील एवढा मोठा होता. वहिनींनी दारातून दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं. गुडघ्यांवर हात दाबत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला काही माहीत नाही."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही," त्या म्हणाल्या. "आकडा हलत नाही, म्हणजे गाडी जागच्या जागी सुरू राहते. सुट्टीला तसं होत नाही, कारण तेव्हा मुलगा घरी असतो. दुपारी किल्ली घरात असते आणि घरात तेव्हा एकच माणूस असतं. चोर बसला असता तर स्टिअरिंगपाशी बसला असता. इथे शेजारची सीट वापरली जाते, तीही गरम करून, कारण गुडघे दुखतात. आवाज मोठा, कारण ऐकू कमी येतं."

"आई?" कारखानदार म्हणाला. "पण पेट्रोल तर आधीपासून..."

"जुन्या गाडीत त्या एकदाही बसल्या नाहीत, असं तुम्हीच म्हणालात. मग पेट्रोलच्या धुराने डोकं जड होतं हे त्यांना कसं कळलं? उघड्या रस्त्यावर नाही कळत. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून बसलं, तर कळतं. नशीब, त्या वाचल्या. चालत्या गाडीत त्यांना त्रास होतो, उभ्या गाडीत नाही. आणि कंपनी जुनीच हवी, कारण त्यात बोलणारा आवाज तोच आहे."

भाऊजींच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं, असं वाटून गेलं.

आई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. "बटण दाबलं की ती म्हणते, सांगा," त्या हळू म्हणाल्या. "घरात मला कोण म्हणतं, सांगा?"

मुलगा खाली बघत राहिला.

"आधी मी तिला नुसतं हवापाणी विचारायचे. मग तू त्या बिचाऱ्याला काढलंस. पेट्रोल माझ्यामुळे संपत होतं, पण माझी जीभ उचलली नाही. लाज वाटली. तेव्हापासून हिलाच सांगते, त्याने काही केलं नाही, मीच ती. ती म्हणते, माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. मग मी पुन्हा सांगते."

भाऊजींनी उगाच चष्मा पुसला. मग मुलाने ड्रायव्हरकडे त्या आधीच्या ड्रायव्हरचा पत्ता विचारला आणि शटर वर केलं.

"चल आई. हे तू त्याला सांग. मी बरोबर आहे."

"आणि त्याने दारच उघडलं नाही तर?"

मुलगा तिच्या बाजूचं दार धरून उभा राहिला.