फाट्यावर बंद न पडलेली गाडी

बसप्पा शेठनी परभणीहून राजेश्रीला बोलावलं होतं, पण चोर शोधायला नव्हे. चोर त्यांनी स्वतःच ठरवून टाकला होता. बाईंनी पुरावा तेवढा काढून द्यायचा होता.

"ह्यो काय, बसलाय," शेठनी अंगणाच्या कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथे त्यांचा ड्रायव्हर सिद्धोधन भर उन्हात बसला होता. पोलीस ठाण्याचे जमादार सावलीत खुर्चीवर चहा पीत होते. पुरावा मिळाला की ते त्याला घेऊन जाणार होते.

आश्रुबाला शेठचा तिथल्या तिथे तिटकारा आला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला आश्रुबा राजेश्रीबरोबर तपासाला हिंडायचा. डोकं तिचं आणि मोटरसायकल त्याची, अशी वाटणी होती. मानवतसारख्या गावात कापसाच्या जिवावर बंगला बांधलेली अशी माणसं त्याने एसटीत पुष्कळ पाहिली होती. तिकीट एकाचं आणि पसरायचं तिघांच्या जागेत.

"पोरीच्या लग्नाचा राणीहार काल सेलूच्या सराफाकडून आणला," शेठ सांगू लागले. "डबी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, गाडीच्याच चावीनं कुलूप लावलं. दुसरी चावी माझ्या तिजोरीत हाय."

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच! नवी गाडी रस्त्यावर कुणाच्या हातात देत न्हाई; ह्यो जुनी चालवतो. रेल्वे फाटकात थांबलो, तर एसी चालू असून बी इंजिन आपोआप बंद. डिझेल वाचवायची अवदसा हाय ती! बटण दाबलं की ती सोय बंद होती अन् दिवा लागतो. पण इंजिन एकदा बंद करून चावीनं पुन्हा चालू केलं, की अवदसा पुन्हा जागी. म्हणून सीटवर बसलो की माझा हात आधी बटणावर. बघावं बी लागत न्हाई."

"फाटकात दाबलं?"

"दाबलं की. चारठाण्यापर्यंत दिवा लागलेला होता. तिथं मी अन् ही दर्शनाला उतरलो. उकाडा लय, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. भाचा पंकज गाडीतच बसला. आल्यावर बसलो, सवयीनं बटण दाबलं, निघालो. घरी आलो तर दारात पाहुणे. गाडी शेडात लावायला चावी ह्याच्याकडं दिली. पाहुणे गेल्यावर बघतो, तर कप्प्याला कुलूप जसंच्या तसं अन् डबी गायब. सांगा, चावी कुणाकडं होती?"

राजेश्रीने गाडी चालू करून ते बटण दोनदा दाबलं. एकदा दिवा लागला, दुसऱ्यांदा विझला. मग ती सिद्धोधनकडे गेली.

"गाडी लावली, चावी बाईसाहेबाला दिली," तो म्हणाला. "कप्प्यात काही हाय, हेच मला ठाव न्हवतं. तरी माझं घर उचकलं, ताई. बायकोची पेटी भर गल्लीत उपडी केली. आता माझी पोरं कुठल्या तोंडानं बाहेर निघतील?"

आश्रुबाला ते ऐकवेना. पण चावी याच्याकडे होती, हे काही त्याच्या मनातून जाईना.

पंकज ओट्यावर मोबाईल चाळत होता. पुण्यात शिकतो म्हणे. काय शिकतो, ते शेठलाही नीट सांगता आलं नाही. गळ्यातली चामडी बॅग त्याने घरात बसूनही काढली नव्हती.

"चारठाण्यात इंजिन बंद केलंत?" राजेश्रीने विचारलं.

"न्हाई."

"क्षणभरसुद्धा?"

"सांगितलं ना! चावीला हात बी लावला न्हाई. एसी लावून पडलो होतो."

शेठच्या पत्नी महादेवीबाई पाणी घेऊन आल्या. राजेश्रीने परतीचा प्रवास विचारला.

"देवगाव फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी लय वेळ अडकवलं, बाई. दहादा थांबलो असू. पण इंजिन एकदा बी बंद पडलं न्हाई."

"कसं पडंल?" शेठ फुशारले. "बटण दाबलं होतं न्हवं!"

राजेश्री हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"शेठ, चारठाण्याला उतरलात तेव्हा दिवा लागलेला होता. इंजिन तसंच चालू राहिलं असतं, तर आल्यावर तुम्ही दाबल्याने दिवा काय झाला असता?"

शेठ गाडीकडे बघू लागले. उत्तर जमादारांनी दिलं. "विझला असता."

"आणि फाट्यावर?"

"पुन्हा पुन्हा इंजिन बंद पडलं असतं."

"पण एकदाही पडलं नाही. म्हणजे शेठनी दाबलं तेव्हा दिवा विझलेलाच होता. तो विझतो कधी? इंजिन बंद करून चावीने पुन्हा चालू केलं तर. गाडीत बसलेल्या माणसाने नुसतं बटण दाबून विझवला असता, तर तसं सांगायला त्याला कोण अडवत होतं? चावी काढल्याशिवाय कप्पा उघडत नाही, आणि चावी काढली की इंजिन बंद. गाडीत होता एकटा पंकज. आणि तो म्हणतो, चावीला हात लावला नाही."

"माझा भाचा हाय तो!" शेठ ओरडले.

"म्हणून तर त्याची बॅग कुणी बघितली नाही. गरिबाच्या बायकोची पेटी तेवढी बघितली."

जमादारांनी हात पुढे केला. पंकजने बॅग छातीशी आवळली आणि तिथेच सगळं उघड झालं. डबी आतच होती. चोरी करायची अक्कल आणि चोरलेलं लपवायची नाही! का केलं, ते तो रडत रडत सांगत होता, पण ते कारण कुणाला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. आश्रुबाने मान फिरवली. सिद्धोधनवर संशय घेतल्याची त्याला लाज वाटत होती.

"मिटवा, जमादार," शेठचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरगं हाय. घरातली गोष्ट हाय."

"तक्रार तुमचीच आहे," राजेश्री म्हणाली. "त्यात चोराचं नाव बदलायचं तेवढं राहिलं."

जमादारांनी पंकजला दंडाला धरून बाहेर नेलं. शेठ सिद्धोधनकडे वळले. "झालं गेलं सोड. उद्यापासून ये कामाला."

सिद्धोधन उठून उभा राहिला. "कामाचं नंतर बघू, मालक. आधी माझ्या गल्लीत चला. जितं पेटी उपडी केली, तितं चार माणसांत सांगा, मी चोर न्हाई."

"मी? तिकडं?" शेठ हसायला गेले, पण बरोबर हसायला कुणी नव्हतं.

महादेवीबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि पायरी उतरल्या.

"चल, सिद्धोधन. मी येते. ती पेटी उपडी व्हताना मी बी तिथं गप उभी होते."

दोघं फाटकाबाहेर पडली. मागोमाग राजेश्री आणि आश्रुबाही निघाले. अंगणात शेठ एकटे उभे राहिले.