डब्यातली गुणगुण

"पुन्हा सुरू झालं," रीना गिटारच्या तारांवर तळहात ठेवत म्हणाली. तारा गप्प झाल्या, पण स्पीकरमधली गुणगुण काही थांबली नाही.

समोर जमिनीवर स्टीलचा एक डबा उघडा पडला होता. दिवाळीची शेव संपल्याबरोबर सुगतने तो ताब्यात घेतला होता. आता त्यात दोन ट्रान्झिस्टर, मूठभर बारीकसारीक भाग आणि नऊ व्होल्टची बॅटरी होती. गिटारचा आवाज एका बाजूने आत जायचा, आत प्रचंड मोठा व्हायचा आणि मग विळ्याने धान कापावं तसे त्याच्या लाटांचे शेंडे कापले जायचे. त्यामुळे साधा सूर जाड, खरखरीत होऊन स्पीकरमधून बाहेर यायचा. अशा डब्याला फझ पेडल म्हणतात. बाजारातलं पेडल महाग, म्हणून सुगतने घरीच बनवलं होतं.

रीना भंडाऱ्याहून सुट्टीत आसगावला, आत्याकडे आली होती. सुगत हा आत्याचा मुलगा. शेजारची रक्षा त्याच्याच वर्गात, सातवीत. तिला सोल्डरिंग येत नसे, पण दुसऱ्याच्या चुका मात्र लांबून दिसत.

आज गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. संध्याकाळी रत्नमालाआत्याच्या महिला मंडळाची गाणी होती आणि शेवटच्या गाण्यात रीना गिटार वाजवणार होती. आत्याची एकच अट होती. "चार वाजता मी स्वतः ऐकीन. आवाज साफ असंल तर स्टेजवर ये. नाही तर गिटार घरी ठेव अन् खाली बसून गाणं ऐक."

आता अडीच वाजले होते.

"परवा आवाजच निघत नव्हता, कारण तू ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लावले," रक्षा बोटं मोजत म्हणाली. "काल तडतड होती, कारण तुझं सोल्डर कच्चं होतं. आज काय केलं?"

"आज काहीच नाही केलं," सुगत कुरकुरला. "कालपासून हातही नाही लावला. सकाळी तर मस्त वाजत होता."

"मग बॅटरी संपली असंल."

"नवी आहे. अन् बॅटरी संपली तर आवाज मरते, असा गुणगुणत नाही." सुगतने डबा डोळ्यांजवळ नेला आणि जीभ चावली. सर्किटची जमिनीची बाजू, म्हणजे ग्राउंड, डब्याच्या पत्र्याला जोडायचीच राहिली होती. जोडलं, की डबा बाहेरचा गोंधळ अडवतो.

"बाहेरचा म्हणजे कोणाचा?" रीनाने विचारलं.

"घरातल्या वायरिंगचा."

त्याने एक छोटी वायर सोल्डर केली. गुणगुण निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही.

तिघंही कान लावून ऐकत राहिली. तेव्हाच रक्षा कुंपणापलीकडे पाहून म्हणाली, "एक मिनिट. ही सारखी नाही वाजून राहिली. वाजते, थांबते. वाजते, थांबते."

अंगणाला लागूनच मंडईचा मंडप होता. त्याच्या सावलीत, दर मंडईत दिवे-माइक लावणाऱ्या टिकारामकाकांनी आजच लावलेली रंगीत दिव्यांची माळ उघडझाप करत होती. माळ पेटली, की गुणगुण. माळ विझली, की शांतता.

"पण पेडल बॅटरीवर, स्पीकर बॅटरीवर," रीना म्हणाली. "त्या माळेचा अन् आपला काय संबंध?"

"तेच पाहू." सुगतने आत्ताच जोडलेली वायर परत उपटली.

"येडा झाला काय बे? चार वाजता आत्या येते ना!" रीना ओरडली.

"वायर लावली तर डबा बहिरा होते. मले आता त्याचे कान पाहिजे."

मग वरात निघाली. रक्षाने स्पीकर गळ्यात अडकवला, रीनाने गिटार आणि सुगतने डबा धरला. दाराशी गुणगुण हळू होती. तुळशीपाशी तेवढीच. मंडपाकडे गेल्यावर वाढेल असं वाटलं होतं, पण वाढली ती उलट्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेकडे. तारेपासून दोन हातांवर स्पीकर भुंग्यासारखा घोंघावू लागला.

तारेच्या टोकाला एक नवी कोरी वायर गुंडाळली होती. ती कुंपणावरून थेट मंडपात गेली होती.

"कोणी हात लावू नका," सुगत हळूच म्हणाला.

नेमकी तेव्हाच आत्या बादली घेऊन बाहेर आली. बादलीत मंडळाच्या आठ पांढऱ्या साड्या होत्या. पहिली साडी पिळून तिने ओले हात तारेकडे उचलले.

"काकू, थांबा!" रक्षा मध्येच उभी राहिली. "साडी खाली ठेवा. आधी हे ऐका."

आत्याने ऐकलं. तिला सगळं कळलं नाही, पण साडी बादलीत परत गेली. "टिकारामभाऊ, इकडं या बरं," तिने हाक मारली.

काका शिडीवरून उतरून आले. "हो, मीच बांधली. माळेले दोन वायर लागतात, माझ्याजवळ एक कमी पडली. मग तुमची तार घेतली. ती लोखंडी खांबातून जमिनीत जाते ना, करंट परत जाते. वीस वर्षं झाले, असंच करतो."

"जमीन सुकी असली तर करंट जात नाही, काका," सुगत म्हणाला. "मग तारेतच राहते."

"पोट्ट्या, तू मले शिकवतं काय? तुझा डबाच खराब आहे."

सुगतचा चेहरा पडला. रक्षाने मात्र मान डोलावली. "असंल जी. डबा तसाही ह्यानंच बनवला. तुम्हीच दाखवा ना खराब आहे म्हणून. माळ बंद करा. डबा खराब असंल तर गुणगुण राहीलच."

काका हसत मंडपात गेले आणि बटण दाबलं. गुणगुण गेली. बटण पुन्हा दाबलं. आली. काकांचं हसू जरा कमी झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हळूच दाबलं, जणू बटणाला कळू द्यायचं नव्हतं. तरीही गेली.

ते परत आले, खिशातून टेस्टर काढला आणि रीनाला माळ लावायला सांगितलं. टेस्टरचं टोक तारेला टेकताच त्यातला लाल दिवा माळेबरोबर लुकलुकू लागला.

काकांनी बादलीतल्या ओल्या साड्यांकडे पाहिलं.

"बंद कर, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी तारेवरची वायर सोडवली, सायकल काढली आणि आंधळगावच्या भाच्याने ठेवलेलं वायरचं बंडल घरून आणलं. मंडपाच्या बोर्डापासून माळेपर्यंत नीट दुसरी वायर ओढली गेली. तारेला टेस्टर तीनदा लावून पाहिला, मगच आत्याने साड्या वाळत घातल्या.

तोवर चार वाजले होते. सुगतने वायर पुन्हा डब्याला सोल्डर केली होती. रीनाने एक सूर छेडला. तो जाड, खरखरीत सूर अंगणभर पसरला, हळूहळू विरला आणि मागे काहीच उरलं नाही. मंडपात माळ उघडझाप करत होती.

"साफ आहे," आत्या म्हणाली. "स्टेजवर ये. अन् हे दोघंही वर येतील, डबा सांभाळायले."

संध्याकाळी माइक तपासताना टिकारामकाकांनी सुगतला बाजूला घेतलं. "तुझा डबा मले देतं काय? दुसऱ्या गावच्या मंडईत तार तपासायले कामी येईल."

"काका, टेस्टर आहे ना तुमच्याजवळ."

"आहे रे," काका डोकं खाजवत म्हणाले. "पण टेस्टर बोलत नाही ना. मी खिशातून काढतच नव्हतो."

शेवटचं गाणं सुरू झालं. आठ पांढऱ्या साड्यांमागे रीना उभी राहिली आणि तिने पायाने डब्याचं बटण दाबलं.