खळीखालचं अक्षर

“काकू, गेल्यावरही काका चिठ्ठ्या लिहितात का गं?”

हे विचारून दाखवच, अशी वर्गातल्या टोळीने पैज लावली होती. भिंगाने विचारलं. कशातही डोळा खुपसायच्या सवयीमुळे तिचं नाव भिंग पडलं होतं. तिची मैत्रीण ढब्बी मात्र दारातच घुटमळली.

“लिहितात की,” काकू म्हणाली आणि काकांच्या रिकाम्या खुर्चीवरची उशी नीट केली.

काकांना जाऊन वर्ष झालं होतं. काचेच्या कपाटात त्यांनी जमवलेले, दगड झालेले शिंपले, पानं, हाडं. समोर उभं राहिलं, की आतून कुणी श्वास रोखून बघतंय असं वाटे. प्रत्येकावर चिठ्ठी, ते कुठे सापडलं त्याची. महिन्याभरात पाच चिठ्ठ्या बदलल्या होत्या. किल्ली काकूच्या कमरेला, अक्षर काकांचं.

हा संग्रह घ्यायला आलेले संग्रहालयाचे साहेब वैतागले होते. “परवा या शिंपल्यावर ‘मोठी नदी’ होतं, आज ‘खाणीमागचा ओढा’. पत्ता खोटा, तर आमच्या लेखी हा नुसता धोंडा. शनिवारपर्यंत उलगडा करा, नाहीतर संग्रह घेणार नाही. का नाही घेतला, तेही लिहीन.”

“म्हणजे काका लबाड ठरणार,” ढब्बी पुटपुटली.

भिंगाने कोपऱ्यावरच्या दगडविक्याला गाठलं. “तुम्ही काकांकडे यायचात ना?”

“दर आठवड्याला. चिठ्ठ्या वाचून मोठ्या नदीवर तीन उन्हाळे खणलं. एक टरफल नाही. तुझा काका नशीबवान, दुसरं काय.”

परत येऊन तिने बदललेली चिठ्ठी न्याहाळली. कागद पांढरा, शाई मात्र जुनाट तपकिरी. काकू कपाट झाडत होती.

“रोज एवढा चुरा कुठून गं?”

“कसर लागलीय. यांचा डिंक संपला, की माझ्याकडून कणकेची खळ शिजवून घ्यायचे. ती खाते मेली.”

शुक्रवारी भिंगाने साहेबांना बोलावलं.

“चिठ्ठ्या कुणीच बदलल्या नाहीत,” ती म्हणाली. “काकांच्या शाईचं ताजं अक्षर काळं असतं, वर्षांनी तपकिरी होतं; उघडा कागद मात्र उजेडाने पिवळा पडतो. इथे शाई जुनी आणि कागद पांढरा, म्हणजे चिठ्ठी कित्येक वर्षं झाकलेली होती. खरा पत्ता काकांनी आधीच डिंकाने चिकटवला होता. मग दगडविक्या यायला लागला. तो ओढा उकरून विकेल, म्हणून त्यावर खळीने खोटा पत्ता डकवला. कसर डिंक सोडून खळ खाते, म्हणून वरची चिठ्ठी गळते.” तिने सुपलीतल्या चुऱ्यातून तुकडा उचलला. त्यावर ‘मोठी न’ एवढंच उरलं होतं.

“मग काका येत नव्हते?” ढब्बीने विचारलं.

काकू खुर्चीकडे बघत राहिली.

भिंगाने घाईघाईने एका दगडी पानावरच्या चिठ्ठीची कड ओल्या कापसाने भिजवली. वरचा कागद सुटला. काकूने खालचा वाचला. ‘खाणीमागचा ओढा. हिची चप्पल वाहून गेली, तो दिवस.’

“नवी होती,” काकू म्हणाली. मग तिने विचारलं, “अजून किती?”

“दोनशे बारा.”

साहेबांनी नोंदवही उघडली. “मी थांबतो. सावकाश सोडवा.”

घरी आल्याआल्या भिंगाने आईबाबांना सांगून टाकलं, “सुट्टीत मी मामाकडे येणार नाही. काकूकडे राहणार. काकांचं बोलणं अजून बाकी आहे, आणि ते तिने एकटीने ऐकायचं नाही.”